वर्गातली लोखंडी खाट

जिन्याखाली भिंतीला टेकवून तिला उभं करून ठेवलं होतं. खाट उभी केली की केवढी लांब दिसते! मी आधी तिला ओळखलंच नाही. मग वास आला. गंज, फिनेल आणि उन्हात तापलेलं रेक्झिन, तिन्ही मिळून जो एकच वास होतो तो. डोळे बांधले असते तरी मी म्हणाले असते की ही आमच्या वर्गातली खाट आहे.

परबमामा, कॉलेजचे शिपाई, हातात जडसंग्रहाची वही घेऊन उभे होते. कॉलेजातली प्रत्येक खुर्ची, कपाट, पंखा त्या वहीत लिहिलेला असतो, आणि वस्तू मोडीत काढायची तर त्या विभागाच्या शिक्षकाची सही लागते.

"मॅडम, सही करून टाका ना. भंगारवाला दोनदा येऊन परत गेला. शेऱ्यात नुसतं 'निकामी' लिहा, झालं काम."

वर वर्गात आता बटणावर वरखाली होणारा पलंग आला आहे. त्यावर रबराची बाहुली झोपलेली असते. तिला नाडी आहे, श्वास आहे, मधूनच खोकतेसुद्धा. मग या खाटेचं काय काम, हे परबमामांचं म्हणणं बरोबरच होतं. मी या महिनाअखेर निवृत्त होणार, आणि माझ्या शेजारी छातीशी फाइल धरून अश्विनी उभी होती, जिचा उद्यापासून हा वर्ग. नर्सिंगची पदवी घेतलेली, हुशार, चटपटीत मुलगी. मी पेन उघडलं. पण वही धरायला म्हणून खाटेच्या कठड्यावर हात टेकवला, आणि बोटांना एक गुळगुळीत जागा लागली. बाकी कठड्यावर पांढरा रंग होता, पोपडे धरलेला का होईना, पण होता. एवढ्या वीतभर जागेतला मात्र पार निघून गेला होता.

पंधरा वर्षांपूर्वी या कठड्यावर रंग पूर्ण होता. मला नीट आठवतं, कारण वर्गाच्या पहिल्या दिवशी शिकवायला हाताशी दुसरं काहीच नव्हतं. एक खाट, रेक्झिन चढवलेली एक काथ्याची गादी, एक उशी, चार चादरी, एनॅमलची दोन भांडी आणि मी.

बोरिवलीच्या पूर्वेला, नॅशनल पार्कच्या बाजूला आमचं कॉलेज. सकाळी नेहमीची मुलं शिकून जायची आणि दुपारी तीनला त्याच इमारतीत कम्युनिटी कॉलेज भरायचं. ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं त्यांच्यासाठी सहा-सहा महिन्यांचे कोर्स. खाली नळकाम, शेजारी शिवणकाम आणि आमचं रुग्णसेवा. आम्हाला वनस्पतिशास्त्राची जुनी प्रयोगशाळा मिळाली होती. भिंतीलगत बेसिनं होती, म्हणून मिळाली. कपाटात बरण्या होत्या, त्यांत कुठल्या कुठल्या मुळ्या बुडवून ठेवलेल्या. खिडकीतून डोंगर दिसायचा आणि डोंगरावरून माकडं यायची. पहिल्याच आठवड्यात एकानं आमची एकुलती एक उशी पळवली. गुलमोहराच्या फांदीवर बसून त्यानं ती शांतपणे उसवली आणि कापूस पूर्ण मैदानभर केला. नळकामाची मुलं खाली टाळ्या पिटत होती.

मला शिकवायला बोलावलं ते प्राचार्यांनी. त्यांची आई आमच्या नर्सिंग होममध्ये होती, तेव्हा त्यांनी मला चादर बदलताना पाहिलं. "सिस्टर, हे तुम्ही दुसऱ्यांना शिकवाल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "का नाही?" माझ्याकडे दहावीनंतरचा नर्सिंगचा छोटा कोर्स होता आणि अठरा वर्षांची ड्युटी होती. रोगी अंथरुणात असताना त्याच्या अंगाखालची चादर बदलायची, आणि नव्या चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही. या कामात त्या भागात माझा हात कोणी धरला नसता. उगाच नम्रपणा कशाला!

प्राचार्य मात्र स्पष्ट बोलले होते. "पदवी नाही तुमच्याकडे. दोन महिने बघू. दिवाळीच्या सुट्टीआधी समितीचे लोक तुमच्या वर्गात येऊन बसतील. त्यांना पटलं तर कायम, नाहीतर नाइलाज आहे." मी हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी मेट्रनच्या टेबलावर राजीनामा ठेवला. ठेवताना दोन वाक्यं जास्तच बोलले. परत जायची वाट मी स्वतःच्या हातानं बंद केली होती. घरी आई म्हणाली, "अगं, आधी जम तरी बसू दे!" मी म्हटलं, "बसतोय गं जम."

आणि पहिल्या दिवशी जी काही फजिती झाली!

समोर अठरा जणी बसलेल्या. मी अर्धा तास बोलले. अंथरूण म्हणजे काय, पाठीला जखमा का होतात, कूस किती वेळानं बदलायची, सगळं मुद्देसूद. कोणी हालेना, कोणी काही लिहीना. मागच्या बाकावर एक चाळिशीची बाई मान ताणून, डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे गेले, मनगट हातात घेतलं आणि विचारलं, "दहा नंबर, काय होतंय तुम्हाला?"

ती उभी राहिली. "माका कायएक जावक नाय, बाई. माजा नाव सुलभा. तुमी बोलतास ता हय पाटी आयकाक येणा नाय, म्हणान मान पुढे काडून बसलंय."

वर्ग असा हसला की शेजारच्या शिवणवर्गातल्या बायका दारात डोकावल्या. अठरा वर्षं मी रोग्यांच्या उशाशी बोलत आले होते. वॉर्डात मोठ्यानं बोलणारी सिस्टर म्हणजे नवी सिस्टर. ती सवय घशात इतकी बसलेली की मी तो अख्खा अर्धा तास कुजबुजत काढला होता. आणि नंबर तरी काय, बाकांवर आकडे रंगवलेले होते, माझ्या तोंडून ते खाटांचे झाले. फळ्याचीही तीच गत. रोग्याकडे पाठ करायची नाही, हे अंगात भिनलेलं. त्यामुळे मी वर्गाकडे तोंड ठेवून, हात मागे वळवून लिहायचे आणि ओळी घसरगुंडीवरून उतरल्यासारख्या खाली यायच्या. हिरा नावाची एक कोळ्यांची पोर होती, मनोरीची. ती फेरीबोटीनं मार्व्याला, तिथून बसनं मालाडला आणि मग बोरिवलीला यायची. एकदा ती फळ्याकडे मान कलती करून पाहत म्हणाली, "मॅडम, आपली होडी पण एवढी कलत नाय!"

मी त्यांच्याबरोबर हसायचे. पण घरी गेल्यावर आरशासमोर उभी राहून मोठ्यानं बोलायचा सराव करायचे, आणि दुसऱ्या दिवशी खाटेजवळ उभी राहिले की आवाज पुन्हा घशातच राहायचा. मागच्या बाकांना माझं बोलणं पोहोचत नाही आणि दिवाळी जवळ येतेय, हे मला झोपेतही आठवायचं.

तरी ते दोन महिने! आता त्यातलं काहीच उरलेलं नाही. बरण्या गेल्या, गुलमोहर गेला, काळा फळासुद्धा पांढरा झाला. पण ती दुपार डोळ्यांसमोर तशीच आहे. ओल्या पदरांचा आणि टाल्कम पावडरचा वास. शिवणयंत्रांची घरघर आणि खालून नळांवर पडणारे हातोडे. गणपतीत अर्धा वर्ग कोकणात गेला आणि उरलेल्या नऊ जणींनी मिळून मला उकडीच्या मोदकाची पाकळी काढायला शिकवली, कारण त्यांच्या मते चादरीच्या कोपऱ्याची घडी घालणारीला ते यायलाच पाहिजे. मला आलं नाही. सुलभा गावाहून परतली ती खाज्याची पिशवी घेऊन. हिराच्या डब्यात सुकट असली की डबा उघडण्याआधी सगळ्या जणी खिडक्या उघडायच्या आणि मग त्याच डब्यावर तुटून पडायच्या. नवरात्रात पांढऱ्या एप्रनखालून रोज एक रंग डोकावायचा, अठरा जणींचा एकच. मी पहिल्या दिवशी चुकीच्या रंगाची साडी नेसून गेले, तर मला वर्गात घ्यायचं की नाही यावर दहा मिनिटं चर्चा झाली.

सगळ्यांत जास्त आठवतो तो नाडीचा तास. जोड्याजोड्यांनी बसायचं, समोरचीच्या मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट मोजायचं. अठरा जणी एकमेकींचे हात धरून गप्प बसलेल्या. घड्याळाचा काटा तेवढा ऐकू यायचा. एकदा ते मिनिट संपल्यावर सुलभानं आपलं मनगट उचलून पाहिलं आणि म्हणाली, "माजो हात येवढो वेळ कोणी धरूक नाय. लग्नात धरलो तेवढोच." सगळ्या हसल्या. तीही हसली, पण मग बराच वेळ ते मनगट मांडीवर तसंच ठेवून बसली होती.

समितीचा दिवस आला. दिवाळीला चार दिवस होते, वसुबारस तोंडावर. प्राचार्य, एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि दोन गृहस्थ मागच्या बाकांवर येऊन बसले. मी आदल्या दिवशीच चादरी कडक इस्त्री करून आणल्या होत्या. रोग्याच्या जागी ठेवायला माणसाएवढी बाहुली कुठूनशी येणार होती, ती आली नाही. म्हटलं, ठीक आहे, वर्गातली एखादी झोपेल.

कोणी झोपेना!

रोज त्या खाटेवर गादी घालायच्या, चादर ताणायच्या, कोपरे दुमडायच्या, पण अंग टाकायचं म्हटल्यावर अठराच्या अठरा जणी जमिनीकडे पाहू लागल्या. खाट एका बंद पडलेल्या दवाखान्यातून आली होती, हे त्यांना ठाऊक होतं.

"हिरा, ये गं."

"मॅडम, बाकी काय पण सांगा. सणाच्या तोंडावर मी नाय झोपणार."

"सुलभा?"

"बऱ्या माणसान आजाऱ्याच्या खाटीर पडाचा नसता, बाई. तिच्यार कोण कोण गेला आसात, काय ठावक?"

मागच्या बाकावर एका गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. चादर बदलून दाखवायची आणि अंथरुणात माणूसच नाही! मी चपला काढल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि खाटेवर आडवी झाले. "सुलभा, हिरा, या. मी रोगी. करा सुरू."

अठरा वर्षांत मी खाटेच्या त्या बाजूला एकदाही गेले नव्हते. खालून सगळं वेगळंच दिसतं. छताला एक पिवळा डाग होता, दोन महिने त्याखाली उभी राहूनही तो मला दिसला नव्हता. सुलभा आणि हिरा वाकल्या, तेव्हा मला त्यांचे चेहरे दिसेनात, हनुवट्या दिसल्या. त्या आपसात खुणा करत होत्या. मीच तसं शिकवलं होतं, तोंड बंद आणि हात चालू. चादरीची कड सुटल्याचा आवाज आला. आणि नजरेआडून अचानक एक हात माझ्या खांद्यावर पडला, एक कमरेवर, आणि खोली एका बाजूला कलंडली.

मला ठाऊक होतं की मी पडणार नाही. सुलभाच्या हातात किती जोर आहे तेही ठाऊक होतं. पण माझ्या हाताला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं झडप घालून कठडा पकडला आणि मी ओरडले, "अगं, सांगून हात लावा ना!"

शिवणयंत्रं थांबली. खालचे हातोडेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. माझा आवाज मागच्या बाकांच्याही पलीकडे, मैदानापर्यंत गेला असणार. कुशीवर पडून मी माझ्याच मुठीकडे पाहत होते. बोटं पांढरी पडली होती.

ती मूठ मी पूर्वी पाहिली होती.

नर्सिंग होममध्ये खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. रोज सकाळी अंग पुसायला मी त्यांना कुशीवर वळवायचे आणि रोज ते कठडा पकडायचे. मी त्यांचं एकेक बोट सोडवायचे. "सोडा हो काका, मी आहे ना!" म्हणायचे आणि भराभर काम उरकायचे. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगायचे, "दहा नंबर फार हट्टी आहे, जपून." तीन आठवडे असं चाललं. त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी, याचा मला अभिमान होता. पण आता वळवते, असं मी त्यांना एकदाही सांगितलं नाही. त्यांचं नाव चार्टवर लिहिलेलं असायचं. तेही मला आठवत नाही.

मला लाज वाटली. समितीसमोर, सगळ्या वर्गासमोर खाटेवर पडल्या पडल्या मला माझ्या अठरा वर्षांची लाज वाटली. डोळे भरून आले, पण पदर दुसऱ्या बाजूला अडकला होता, म्हणून तसेच राहू दिले. आणि आवाज एकदा बाहेर पडला होता तो आता आत जाईना.

"मला पुन्हा सरळ करा," मी मोठ्यानं म्हणाले. "आणि ऐका. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. आधी माणसाचं नाव घ्यायचं. मग आपण काय करणार ते सांगायचं. तो हो म्हणेपर्यंत थांबायचं. मगच हात लावायचा. सुलभा, करा पुन्हा."

सुलभा दोन्ही हात हवेत धरून उभी होती. "बाई," ती हळूच म्हणाली, "तुमचा नाव काय?"

दोन महिने झाले होते! मी त्यांना नंबरानं हाक मारत सुरुवात केली होती आणि माझं नाव सांगायचं राहूनच गेलं होतं. मी सांगितलं. तिनं ते हळू आवाजात एकदा म्हणून पाहिलं. मग खाली वाकली, या वेळी माझ्या तोंडासमोर आली, आणि मला नावानं हाक मारून म्हणाली, "आता मी तुमच्या खांद्याक हात लावतंय. तुमका हिराच्या बाजूक परतवतंय. भियाव नको."

मला वळवलं गेलं. चादर निघाली, नवी आली, मला पुन्हा या बाजूला वळवलं. कधी झालं ते कळलंसुद्धा नाही.

पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, हे नाव घेण्याचं, सांगण्याचं तुमच्या अभ्यासक्रमात कुठे आहे?"

"कुठेच नाही," मी उठून निऱ्या सावरत म्हटलं. "आत्ता लिहिते." आणि फळ्याकडे गेले. वर्गाकडे पहिल्यांदा पूर्ण पाठ केली आणि सगळ्यांत वर लिहिलं, "सांगून हात लावायचा." ओळ सरळ आली. जाता जाता प्राचार्य एवढंच म्हणाले, "आज शेवटपर्यंत ऐकू आलं." दिवाळीनंतर माझ्या नावाचं पत्र आलं.

तेव्हापासून प्रत्येक तुकडीच्या पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थिनी त्या खाटेवर झोपली. आधी न सांगता वळवायचं, मग सांगून. कठड्यावरची ती वीतभर जागा अशी झिजली.

"मॅडम," अश्विनी म्हणाली, "एक विचारू? उद्या पहिल्या दिवशी काय घेऊ? मी प्रेझेंटेशन केलंय, चाळीस स्लाइड्स आहेत. पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाहीये."

मी पेन बंद केलं. "परबमामा, ही खाट जरा आडवी करू लागा."

"आता? मॅडम, भंगारवाला..."

"धरा हो तिकडून."

खाट जिन्याखाली चार पायांवर उभी राहिली आणि तिनं ती जुनी कुरकूर केली. परबमामांनी कुठूनसा एक जुना पडदा आणून तिच्या पट्ट्यांवर पसरला.

"चपला काढ," मी अश्विनीला म्हटलं. "आडवी हो."

"इथे? जिन्याखाली? मॅडम, काहीही काय!"

"हो गं. मी याच खाटेवर शिकले."

ती झोपली. फाइल छातीवर, डोळे छताकडे. मी तिच्या उजवीकडे गेले आणि एक शब्द न बोलता तिला वळवलं. फाइल घसरून खाली पडली. तिचा हात सपकन कठड्यावर गेला, बरोबर त्याच जागी, आणि मूठ आवळली. बोटं पांढरी झाली.

मी तिला सरळ केलं. खाटेला वळसा घालून तिच्या तोंडासमोर आले आणि वाकले.

"अश्विनी, मी तुझ्या खांद्याला हात लावतेय. मग तुला हळूच डावीकडे वळवणार आहे. कठडा तुझ्या हाताशीच आहे, वाटलं तर धर. चालेल?"

तिनं कठडा धरला. "चालेल," म्हणाली.

मी तिला वळवलं. एकेक बोट सोडवावं लागलं नाही. कठड्यावरची मूठ आपणहून उघडली आणि तिचा हात पडद्यावर अलगद पडून राहिला. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा हात तीन आठवड्यांत एकदाही असा पडला नव्हता.

"मॅडम," ती तशीच कुशीवर पडून म्हणाली, "हे स्लाइडवर नाही माझ्या."

"नसतंच ते."

परबमामांनी वही पुढे केली. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "वापरात आहे." आणि खाली माझं पूर्ण नाव.